आवाज आला की बोट वर करा

माझं काम एवढंच होतं :
काचेपलीकडे बसायचं, बटण दाबायचं,
आणि कुणाचं तरी बोट वर व्हायची
वाट बघायची.

कान-नाक-घसा विभाग, दुसरा मजला.
खोली कसली, पेटीच ती.
भिंतींना भोकाभोकांचा फोम,
दार लावलं की शालिमारच्या रिक्षासुद्धा विझायच्या.

मग ओपीडीला कुलूप लागलं.
गायधनी मॅडम म्हणाल्या,
आपण ज्या भोकांचे डॉक्टर
तिथूनच तो आत शिरतोय.
कुणी हसलं नाही.
दुर्बीण डब्यात गेली.
टॉन्सिल, फाटलेले पडदे, नाकाचं वाकडं हाड,
सगळ्यांना पुढची तारीख.
यादीत सतरावी मोनिका भोये, वय तीन,
पेठच्याही पुढच्या पाड्यावरची,
जन्मल्यापासून एकही आवाज न ऐकलेली.
तिच्या नावापुढे मी लिहिलं, नंतर.
पेन्सिलनं लिहिलं. का, कोण जाणे.

माझ्या खोलीत किटचे खोके रचले.
उरलेल्या हातभर जागेत
गांगुर्डे मामा डबा खायचे,
भिंतीकडे तोंड करून, एकटे.
एकदा म्हणाले, इथं स्वतःचं चावणं ऐकू येतं ताई,
भीती वाटते.

मला काड्या दिल्या.
नाकातून सरळ मागे, अडेपर्यंत,
गोल फिरवायची, दहा मोजायचे.
पहिल्याच दिवशी एकशे बारा नाकं.
घाबरलेली, चोंदलेली, नथ काढून आलेली.
शूर्पणखेचं नाक जिथं कापलं म्हणतात
त्या गावात मी घामानं निथळत
अनोळखी नाकांची माफी मागत उभी.

लासलगावचा एक व्यापारी आला होता.
चाळीस वर्षं कांद्यात काढली, म्हणाला,
आज गोणीत तोंड खुपसलं तर नुसती हवा.
डोळ्यांना पाणी आलं तेवढं.
तो कांदाच, हे त्यावरून कळलं.

दुसऱ्या वर्षी काळं आलं.
बरे होऊन घरी गेलेले परत आले,
गाल बधिर, दात हलणारे, एक पापणी मिटलेली.
इंजेक्शनासाठी लेकरं
द्वारकेपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत दुकानं पालथी घालत होती.
मॅडम रात्री अकराला थिएटरातून निघायच्या
आणि जिन्यातच बसायच्या.
आज टाळू काढला, एवढंच सांगायच्या,
कुणाचा ते नाही.
झुलेखाबींनी आरसा मागितला.
मॅडमनी टेबलावरचा मोबाईल पालथा घातला.

गळ्यात नळी घातलेली माणसं
नुसते ओठ हलवायची.
त्यांना आवाज नव्हता,
आम्हाला ओठ नव्हते.
मधे प्लास्टिक, आणि वहीचा फाटका कागद :
पाणी. मुलगी आली का. पाणी.

मोनिका आली तेव्हा
पाच वर्षं दोन महिने.
बापानं फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली.
उशीर झाला का, त्यानं विचारलं.
मॅडमनी फाईल चाळली,
चाळलेलीच पानं पुन्हा चाळली.
आधी तपासणी तर करू, म्हणाल्या.

मामांनी खोके काढले. फोमला
अजून सॅनिटायझरचा वास.
हेडफोन तिच्या कानांना जरा मोठाच.
साठ. सत्तर. नव्वद.
ती माझ्या मास्ककडे बघत राहिली,
कापडावर काही लिहिलंय जणू.

दाराबाहेर कुणी नाही असं बघून
मी मास्क खाली ओढला.
काचेमागून तोंड मोठं करून म्हटलं,
आवाज आला की बोट वर.

ती खुर्चीवरून उतरली.
हेडफोनची वायर ताणली, निसटली.
काचेजवळ आली
आणि बोट टेकवलं
बरोबर माझ्या ओठांवर.

मी बोलत राहिले. काय, ते आठवत नाही.
जेवलीस का, असंच काहीतरी.
शब्द सरकला की बोट सरकायचं.

समोर तक्त्याचा कागद कोरा होता.
याची खूण कुठल्या रेघेवर करतात
ते आम्हाला शिकवलेलं नाही.